‘चार बाय बारा’ची चार वर्षं कोणी केली?

प्रति,
महाराष्ट्रातले मूत्रविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, खासगी रुग्णालयांचे चालक आणि त्यांचे वैद्यकीय नोंदी विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या घरी विमा कंपनीचं एक पानी पत्र आलं. आईच्या मूत्राशयातली गाठ काढली, त्या ऑपरेशनचा एक लाख बारा हजारांचा दावा नामंजूर. कारण असं दिलं होतं की रुग्णालयाच्या नोंदीनुसार रुग्णाला लघवीचा त्रास चार वर्षांपासून आहे, पॉलिसी मात्र दोन वर्षं पाच महिन्यांची, म्हणजे पॉलिसी घेताना आजार लपवला. आईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “चार वर्षं? मग मधे मी वारी चालले ती कशी गं?”

लघवीचा त्रास असलेल्या बाईनं पायी वारी करणं म्हणजे काय, हे वारी केलेल्या बायकांना विचारा. आई खोटं बोलत नव्हती. खोटं कागदावर होतं, आणि तो कागद तुमच्यापैकी एकाच्या रुग्णालयातून आला होता. मी त्या रुग्णालयाचं नाव घेणार नाही. आईचं ऑपरेशन तिथे चांगलं झालं, डॉक्टर सज्जन आहेत, सिस्टर मायाळू होत्या. शिवाय असे कागद मी गेल्या वर्षभरात नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या आईवडिलांचे इतके पाहिले आहेत की एकालाच बोल लावणं अन्यायाचं होईल. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

मी पुण्यात खराडीला मेडिकल कोडर आहे. आईला सुरुवातीला वाटायचं, अंगावर पांढरे डाग येतात त्या कोडाचं काहीतरी काम करते पोरगी. काम असं असतं: अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णाबद्दल जे लिहिलं असेल ते वाचायचं आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला संकेतांक द्यायचा. त्यावर तिकडे बिल निघतं. नऊ वर्षांपैकी सहा वर्षं माझ्याकडे युरॉलॉजीच, म्हणजे मूत्रविकारांचाच विभाग आहे, म्हणजे दिवसाचे आठ तास मी लोकांची मूत्राशयं वाचते. खोकताना लघवी सुटते, एन३९.३. घाईची लागते आणि पोचेपर्यंत होऊन जाते, एन३९.४१. दोन्ही होतं, एन३९.४६. नुसती घाई लागते पण सुटत नाही, आर३९.१५. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा आजी रात्री किती वेळा उठतात हे मला ठाऊक असतं. माझ्या आईच्या दाव्याच्या अर्जावर, रुग्णालयानं भरायच्या भाग ‘ब’मध्ये, आजाराच्या चौकटीत लिहिलं होतं: एन३९.०.

एन३९.० म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा नमूद नाही. जिची मूत्राशयाच्या कर्करोगाची गाठ तुम्ही दुर्बिणीतून पाहून, कापून, बाटलीत घालून तपासायला पाठवलीत, त्या बाईच्या अर्जावर ‘संसर्ग, जागा नमूद नाही’.

आता माझ्या तक्रारी. पहिली तक्रार तपासणीच्या खोलीतली आहे.

आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की बाई म्हणते, उन्हाळी लागली. मग धणे भिजवलेलं पाणी, सब्जा, दोन दिवस तिखट बंद. आईनंही तेच केलं. पण पुढे ती डॉक्टरांना जे म्हणाली ते मी शेजारी बसून ऐकलंय: “जळजळ नाही आता, दुखतही नाही, पण लघवी लाल होते, आणि ती सारखी नाही, मधूनच होते.” विद्यार्थ्यानं परीक्षेत लिहिलं तर पूर्ण गुण द्याल असं हे वर्णन आहे. न दुखता लघवीतून रक्त. केस पेपरवर तीन वेळा उतरलं ते तीन अक्षरांत: यूटीआय, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. तिन्ही वेळा प्रतिजैविकं, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) एकदाही नाही. बायकांच्या लघवीतलं रक्त आधी संसर्गाच्या खात्यावर जमा होतं आणि त्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचं निदान लांबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या बायका लाजतात, नीट सांगत नाहीत, असं तुमच्यातले काही म्हणतात. लाजतात हे खरं आहे. पण जेव्हा सांगतात तेव्हा फार नेमकं सांगतात. “शिंकलं की होते” ही एक गोष्ट. “नळाचा आवाज आला की धावावं लागतं” ही दुसरी. “होऊन गेली तरी पोट जडच राहतं, थेंब थेंब येते” असं मधुमेहाची जुनी रुग्ण सांगत असेल तर मूत्राशयाच्या नसांचा विचार करावा लागतो, तो एन३१चा गट. “वर्षभर औषधं खातेय, तपासणीत जंतू कधीच निघत नाहीत, पण लघवी साठली की कळ येते” ही कदाचित जंतूंशिवाय मूत्राशयाला येणारी जुनाट सूज, एन३०.१, असेल. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनो, “पिशवी काढल्यापासून कापड कोरडं राहतच नाही, दिवसरात्र गळतंय” असं कोणी म्हणाली तर तो स्नायूंचा ढिलेपणा नसून मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यातलं छिद्र असू शकतं, त्याला एन८२.० आहे आणि त्याचा इलाज वेगळा आहे. या पाच बायकांच्या पाच वेगळ्या तक्रारी तुमच्या कागदावर येतात तेव्हा दोनच उरतात, यूटीआय किंवा इनकॉन्टिनन्स, म्हणजे लघवी सुटणं. नेमकेपणा बाईच्या मराठीत होता, तो कागदावर येताना सांडला.

दुसरी तक्रार चार बाय बाराची. या पत्राचं निमित्तच ती आहे.

आईला दाखल केलं तेव्हा रात्रपाळीच्या आरएमओंनी (निवासी डॉक्टरांनी) हातानं इतिहास लिहिला. त्यांनी बरोबर लिहिला. जळजळ आणि लाल लघवी, मधूनमधून, आणि पुढे ‘४/१२’. ज्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं त्यांना हे लगेच कळतं: खाली सात असेल तर दिवस, बावन्न असेल तर आठवडे, बारा असेल तर महिने. चार बाय बारा म्हणजे चार महिने. डिस्चार्जच्या दिवशी तो कागद टाइप करायला गेला. टाइप करणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं चार पाहिलं, बारा पाहिलं, विचार केला असेल की बाराचं इथे काय काम, आणि लिहिलं ‘चार वर्षांपासून’. खाली सही झाली. सही करणाऱ्यांनी वाचलं नाही.

मला त्या मुलाचा राग नाही. दुपारी एकची वेळ, सात डिस्चार्ज रांगेत, बाहेर नातेवाईक, आणि विमा नियामकाचा दंडक की घरी सोडण्याच्या अर्जावर विमा कंपनीनं तीन तासांत निर्णय द्यायचा. हा दंडक २९ मे २०२४च्या परिपत्रकातला आहे आणि तो आमच्याच सोयीसाठी आहे. पण कागद झटपट सुटावा म्हणून जी घाई होते ती शेवटी त्या टायपिस्टच्या बोटांवर येऊन पडते, आणि त्याच्या बोटांनी जे छापलं जातं ते पुढे पुरावा ठरतं. तुमच्या तोंडी शब्दाला, रुग्णाच्या शपथेला, मुलीच्या रडण्याला त्यापुढे किंमत नसते. आमच्या धंद्यात एक वाक्य पहिल्या आठवड्यात घोकून घेतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. त्याची दुसरी बाजू मला नवव्या वर्षी कळली. लिहिलं, म्हणजे झालं. आईला चार वर्षं आजार होता, कारण तसं लिहिलंय.

आमच्याकडे कागदात असं काही संशयास्पद दिसलं तर कोडरला अंदाज करायची मुभा नसते. डॉक्टरांना लेखी शंका पाठवायची, आणि तीही अशा शब्दांत की उत्तर आपण सुचवलंय असं होता कामा नये. डॉक्टरांनी उत्तर दिलं की ते नोंदीत जमा. तुमच्या कितीशा रुग्णालयांत टायपिस्टनं डॉक्टरांना “सर, हे चार बाय बारा काय?” असं विचारण्याची पद्धत आहे? विचारलं तर ओरडा बसतो, हे मला त्या मुलानंच दबक्या आवाजात सांगितलं.

तिसरी. ऑपरेशनच्या टिपणात एक ओळ होती: डाव्या बाजूच्या भिंतीवर गाठ दिसली, काढली. किती मोठी, एक की अनेक, देठाची की पसरट, काहीही नाही. अमेरिकेत दुर्बिणीतून मूत्राशयाची गाठ काढण्याचे संकेतांकच आकारावर ठरतात: अर्धा ते दोन सेंटिमीटर असेल तर ५२२३४, दोन ते पाच असेल तर ५२२३५, त्याहून मोठी असेल तर ५२२४०. सर्जननं आकार लिहिला नाही तर माझ्यासारखी कोणीतरी खराडीतून फाइल परत पाठवते. पैशाचा विषय बाजूला ठेवला तरी, तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहणाऱ्या डॉक्टरांना मागची गाठ केवढी होती हे कळायला नको का? आणि ते डॉक्टर तुम्हीच असाल असं नाही. आमच्या भागातले लोक फलटणहून साताऱ्याला, साताऱ्याहून पुण्याला फिरत असतात.

पॅथॉलॉजीचा अहवाल दहा दिवसांनी आला. गाठ कर्करोगाची, लॅमिना प्रोप्रियापर्यंत (अस्तराखालच्या थरापर्यंत) गेलेली, स्नायू नमुन्यात आलेला आणि कर्करोगापासून मोकळा. उत्तम अहवाल, शब्दन् शब्द कामाचा. भिंत डावी हे ऑपरेशनच्या टिपणात होतंच. दोन्ही कागद एकत्र वाचले असते तर सी६७.२ (मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीचा कर्करोग) लिहायला अर्धा मिनिट पुरे होता. पण डिस्चार्ज कार्ड त्याआधीच निघालं होतं, त्यावर अहवाल येण्यापूर्वीचं निदान होतं, आणि दावा त्याच्यासोबत गेला. अहवाल आल्यावर कार्ड सुधारून द्यायचं असतं हे तिथे कोणाच्या कामात लिहिलेलं नाही.

याचा फटका एका घरापुरता नाही. आपल्या राज्यात १९६३पासून मुंबईची कर्करोग नोंदणी चालू आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७मध्ये आपल्याच बार्शीला सुरू झाली. ती माणसं रुग्णालयांत जाऊन, कागद चाळून, एकेक रुग्ण मोजतात. ज्या कागदावर ‘यूटीआय’ किंवा नुसतं ‘ग्रोथ’ लिहिलंय, त्यावरून त्यांनी काय मोजायचं?

चौथीत तीन गोष्टी एकदमच सांगून टाकते. ‘युरोसेप्सिस’ हा शब्द कृपया लिहू नका. तिकडच्या नियमांत त्याला संकेतांकच नाही, कारण त्यातून लघवीतला संसर्ग म्हणायचाय की रक्तात पसरलेला, हे कळत नाही. आणि या दोन आजारांत घरी जाणं आणि आयसीयू एवढं अंतर आहे. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर झालेला संसर्ग कॅथेटरमुळे झाला असं लिहा. रुग्णालयाच्या नावाला कमीपणा येतो म्हणून तो साध्या संसर्गात ढकलला जातो, हे आम्हालाही समजतं. आणि डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली तात्पुरती नळी) ठेवला असेल तर तो ठेवलाय आणि अमुक तारखेला काढायचाय हे डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा. विसरलेल्या स्टेंटवर मूत्राशयात खडा धरतो. असे रुग्ण तुमच्यापैकी प्रत्येकानं पाहिले असणार.

पाचवी तक्रार नोंदी मिळण्याबद्दल. दावा फेटाळल्यावर मी आईचे संपूर्ण आयपीडी पेपर (दाखल असतानाचे सगळे कागद) लेखी मागितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. मला १९ दिवस लागले आणि चार फेऱ्या झाल्या. चार बाय बारा सापडलं ते त्या गठ्ठ्यात. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले, दुरुस्तीचं पत्र मागितलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, क्लेमला गेलेलं कार्ड आता बदलता येत नाही. मी म्हटलं, बदलू नका, जुनं तसंच ठेवून खाली तारखेसह दुरुस्ती लिहा, तेच बरोबर असतं. त्या म्हणाल्या, “मॅडम, मागे रांग आहे.”

विमा कंपन्यांनाही दोन वाक्यं सांगायची आहेत, जरी पत्र तुम्हाला असलं तरी. विमा नियामकाच्या त्याच परिपत्रकात म्हटलंय की दाव्याचे कागद कंपनीनं किंवा टीपीएनं (कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेनं) रुग्णालयाकडून घ्यायचे, आणि दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा फेटाळायचा नाही. मग त्या समितीतल्या एकाही डॉक्टरला हस्तलिखितातलं चार बाय बारा वाचता आलं नाही, की हस्तलिखित मागवलंच नाही?

अमेरिकेची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. तिकडची अचूकता बरीचशी पैशाच्या धाकानं आलेली आहे. कॅथेटरमुळे झालेल्या संसर्गाचे जादा पैसे तिथल्या सरकारी विम्यानं १ ऑक्टोबर २००८पासून बंद केले, त्यानंतर तिथे कॅथेटरच्या नोंदींकडे नव्यानं लक्ष गेलं. आजार फुगवून लिहिण्याचे प्रकारही तिथे कमी नाहीत, आमच्या प्रशिक्षणात त्यावर अख्खा दिवस जातो. संकेतांकांचा एवढा कीस डॉक्टरांचा रुग्णाबरोबरचा वेळ खातो हेही खरं. तुम्ही ऐंशी-ऐंशी रुग्णांची ओपीडी करता, तुम्हाला सत्तर हजार संकेतांक पाठ करा म्हणणं वेडेपणाचं होईल. जागतिक आरोग्य संघटनेची साधी यादी पुरेशी आहे. मूत्राशयाचे नेहमीचे आजार एका पानावर मावतात. साधनं तर घरातच आहेत. आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेमध्ये आहे. भारत २०१४पासून स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंचाचा सदस्य आहे, आपल्या देशात तो वापरायला शुल्क पडत नाही. आणि संकेतांक द्यायला शिकलेली माणसं म्हणाल तर पुणे, नवी मुंबई, नागपुरात ती हजारोंनी बसलेली आहेत. ती सगळी परदेशातल्या रुग्णांचे कागद नीट लावतायत, एवढंच.

मागण्या सरळ आहेत.

रुग्णाचा मुख्य त्रास त्याच्या स्वतःच्या शब्दांत, मराठीत, एका ओळीत केस पेपरवर लिहा. निदान त्याखाली तुमच्या भाषेत असू द्या.

कालावधी अपूर्णांकात लिहिणं बंद करा. ‘चार महिने’ लिहायला दोन सेकंद जास्त लागतात.

डिस्चार्ज कार्डावर सही करण्यापूर्वी आजाराचा कालावधी आणि निदान या दोन ओळी तरी डॉक्टरांनी स्वतः वाचाव्यात, आणि कार्ड रुग्णाला वाचून दाखवावं. आईला वाचून दाखवलं असतं तर चार वर्षं तिनं तिथेच खोडली असती.

दाव्याच्या अर्जावरचा संकेतांक बिलिंगच्या टेबलावर इंटरनेटवर शोधून भरू नका. ऑपरेशनचं टिपण आणि पॅथॉलॉजीचा अहवाल हातात असलेल्या, त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसानं तो भरावा. छोट्या रुग्णालयांना असा माणूस परवडत नसेल तर चार रुग्णालयांनी मिळून एक ठेवावा. अहवाल उशिरा येणार असेल तर सुधारित कार्ड निघेल अशी तारीख आधीच द्यावी.

यूटीआय लिहायचं तर कल्चर झालं की नाही हे शेजारी लिहा. आणि न दुखता रक्त जात असलेल्या बाईला दुसऱ्यांदा यूटीआय लिहिण्यापूर्वी थांबा.

नोंदी ७२ तासांत द्या. आणि चूक दाखवली तर तारीख घालून, मूळ मजकूर न खोडता, दुरुस्ती करून द्या. त्यासाठी एक अर्ज आणि एक जबाबदार माणूस नेमा, ज्याचं नाव भिंतीवर लावलेलं असेल.

आमच्या बाबतीत म्हणाल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आहे. तिथे काम झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाऊ, तिथे फी लागत नाही. गाठ पुन्हा होऊ नये म्हणून आईला आता सहा आठवडे दर आठवड्याला मूत्राशयात बीसीजी सोडतायत. लहानपणी दंडावर टोचतात तेच बीसीजी, हे कळल्यावर तिला मोठी गंमत वाटली. त्या प्रत्येक खेपेचं बिल पहिल्या दाव्याला बांधलेलं आहे, आणि पहिला दावा त्या चार वर्षांना.

पुढच्या महिन्यात तिची दुर्बिणीची तपासणी आहे, त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांकडे. दुसरीकडे जायला ती तयार नाही. तिचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या दिवशी कार्ड हातात आलं की मी काउंटरवरच उभी राहून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे, आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे परत देणार आहे. तेव्हा मागे रांग आहे असं कृपया सांगू नका.

आपली विश्वासू,
एक मेडिकल कोडर, पुणे